गोल जिन्यावरचा दिवा

पहिली टक्कर गोल जिन्यातच झाली. मी वर चालले होते, तो खाली येत होता. त्या जुन्या जम्बो जेटचा जिना इतका अरुंद, की कुणीतरी माघार घेणं भागच होतं. कुणीच घेतली नाही!

"तुम्ही इतिहासवाल्या?"

"आणि तुम्ही पान्यावाले?"

तो मेकॅनिक. विमानाचं संग्रहालय होणार होतं आणि फलकांवर त्याची कहाणी मी लिहायची होती. चाचणीच्या उड्डाणांत म्हणे त्यात माणसांऐवजी पाण्याची पिंपं भरली होती. मग वीस वर्षं प्रवासी, मग नुसता माल, मग गवतात उभं. हे सगळं तो इतक्या हळव्या आवाजात सांगायचा, की... याचं प्रेम नक्की कुणावर? विमानावर, की — जाऊ दे.

दुरुस्तीच्या वहीत प्रत्येक नोंद बंद करताना आम्हा दोघांच्या सह्या लागत. काम केल्याची त्याची, जुनं काही बिघडलं नाही हे पाहिल्याची माझी. शेवटी एकच नोंद उरली. 'जिन्यावरचा दिवा लागत नाही.' ती बंद झाली की माझं इथलं काम संपणार होतं, आणि दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणंही आलं होतं. पण अख्खं विमान उभं करणाऱ्याला एक दिवा जमेना? मला काही सुधरेना.

"विचार की सरळ त्याला," फोनवर माझी ताई वैतागली. "नाहीतर तिकडे जाऊन रडत बसशील."

त्या नोकरीला होकार कळवायचा शेवटचा दिवस उजाडला. मी तरातरा जिन्यात गेले, बटण दाबलं... दिवा लख्ख!

"अहो, हा लागतोय!"

"हो." त्याचे कान लाल झाले. "तीन आठवडे झाले."

"मग नोंद बंद का नाही केली?"

"केली असती, तर तुम्ही आला नसता."

रागवावं, हसावं की पळून जावं? काहीच कळेना. मी वही ओढली, 'दिवा ठीक' लिहून सही ठोकली. त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे... जाणार तुम्ही?"

मी खाली नवी तक्रार लिहिली. 'मेकॅनिक मनातलं बोलत नाही.'

त्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं. मग दुरुस्तीच्या रकान्यात लिहिलं, 'तू जाऊ नकोस. मला तू आवडतेस.' खाली सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

माझी सही इतकी वाकडी कधीच आली नव्हती.