न पळणारा ठिपका

यात मुग्धाचं नाव तेवढं बदललंय. बाकी काहीच नाही.

मागच्या फेब्रुवारीतला मंगळवार. बंगळूरच्या सर्जापूर रोडवरचा मुग्धाचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. भर दुपारचे तीन.

भिंतीवर एकच चित्र. काळे चौकोन, मधून पांढऱ्या पट्ट्या. पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे करडे ठिपके लुकलुकतात. रोखून पाहिलं की ठिपका गायब. रंगवलेला त्यातला एकही नाही... सगळा डोळ्यांचा खेळ.

चित्र विश्वेश्वर सरांनी काढलेलं. सर येलहंक्यातल्या जुन्या मराठी घरातले. पुण्याहून नोकरीसाठी आलेली मुग्धा सुट्टीच्या दिवशी त्यांना पट्ट्या आखून द्यायला जायची.

त्याआधीच्या डिसेंबरात एकदा सर याच चित्रासमोर थबकले.

"मुग्धा, स्वल्प... जरा इथं बघ गं. हा एक ठिपका पळेना झालाय."

"सर, तुमच्याच चित्रानं तुम्हाला गंडवलं की!"

असं ती म्हणाली. पण तिला आठवलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सरांना तीच घेऊन गेली होती. न हलणारा डाग दिसला तर त्याच दिवशी या, असं त्यांनी दोघांनाही बजावलं होतं.

प्रदर्शन चार दिवसांवर होतं. चित्र अर्धं होतं.

ती पट्ट्या आखत राहिली.

तिसऱ्या दिवशी सर रस्ता ओलांडायला निघाले. येणारी बस त्यांना दिसलीच नाही.

चित्र त्यांच्या मुलीनं, पद्मावतीनं, आठवण म्हणून मुग्धालाच दिलं.

तर, तो मंगळवार.

आधी पंख्याचा आवाज गेला. पंखा फिरत होता... आवाज तेवढा नव्हता.

मुग्धाने वर पाहिलं.

चित्रात एकही ठिपका लुकलुकत नव्हता. नुसतं सपाट काळं-पांढरं.

फक्त एक... मधोमध.

तिने रोखून पाहिलं.

गेला नाही.

डोळे मिटले.

तरीही तिथेच.

फोन वाजला. पद्मावती. इकडचं तिकडचं झालं. मग तिने हळूच विचारलं, "अक्का, खरं सांग. अण्णा डोळ्याबद्दल तुला काही बोलले होते का?"

सांगून टाकावं, असं मुग्धाला वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले.

"नाही गं."



"अक्का... तुझ्याकडे कोण आलंय?"

"कुणी नाही. का?"

"तू नाही म्हणालीस... आणि मागून कुणीतरी 'हो' म्हणालं."

मुग्धाला काहीच ऐकू आलं नव्हतं.

पद्मावतीचे फोन अजून येतात. मुग्धा उचलत नाही.