वाढून ठेवलेलं पान

रोनितच्या गच्चीवर यंदाही मांडव उभा राहतोय, हे संहिताला कळलं ते एका फोटोवरून. फोटोत शिवलीला स्टुलावर चढून बांबूला सुतळी बांधत होती आणि रोनित खाली स्टूल धरून हसत होती. संहिता तेव्हा बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवरची नावं तपासत बसली होती. तिने फोटो मोठा करून पाहिला, छोटा केला, पुन्हा मोठा केला. एवढ्याशा फोटोने आपल्या पोटात दुखतंय हे कळून तिला स्वतःची लाज वाटली, पण दुखायचं काही थांबलं नाही.

मागच्या वर्षी हा मांडव दोघींनी मिळून बांधला होता. रोनित चौलकर जन्माने इस्रायलची. तिची आजी चौलहून तिकडे गेलेली बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, आणि आजीचं जुनं, कोकणी वळणाचं मराठी तेवढं नातीच्या तोंडात राहिलं होतं. नोकरीसाठी ती बेंगळुरूला आली. संहिताचं घराणं साडेतीनशे वर्षं इथलं, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मं कन्नड. पुण्याहून इथे आलेली माणसं दोघींच्याही बोलण्याला हसत, आणि त्यातूनच गट्टी जमली. परमुलखात सण करायचा तर चार माणसं लागतात. दोन वर्षं रोनितची ती चारही माणसं म्हणजे एकटी संहिता होती. हेब्बाळच्या माहेरून माडाच्या झावळ्या तिनेच आणल्या होत्या आणि छपरावर अशा विरळ पसरल्या होत्या की आतून चांदण्या दिसाव्यात, कारण तसा नियमच आहे. आणि आता निपाणीहून आलेली, सहा महिन्यांपूर्वी कोरमंगलाच्या पीजीत उतरलेली ही चोवीस वर्षांची पोर स्टुलावर चढली होती.

रोनित त्याला मांडवाचा सण म्हणायची. पूर्वज रानोमाळ भटकत असताना झोपड्यांत राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस जेवण मांडवात. रोज एक खुर्ची रिकामी ठेवायची. पहिल्या दिवशी अब्राहाम, दुसऱ्या दिवशी इसहाक, असा रोज एक पूर्वज न दिसता येऊन तिच्यावर बसतो. जिन्याकडे तोंड करून त्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्यापुढे केळीचं पान मांडून सगळं वाढायचं. केळीचं पान ही मात्र संहिताने घातलेली भर होती.

पहिल्या दिवसाचं जेवण त्याच रात्री होतं. तिने संध्याकाळी फोन केला. "मला आज जमेलसं वाटत नाही गे. माझं पान वाढून ठेव. आले तर आले."

तुझ्याशिवाय कसला सण, असं रोनितने म्हणावं, एवढ्यासाठीच तो फोन होता. रोनित म्हणाली, "बरं गो, ठेवते."

त्या संध्याकाळी संहिता घरातच होती. साडेसहाला आली ती झोपेपर्यंत उंबऱ्याबाहेर गेली नाही. नवरा, कार्तिक, समोर बसून मॅच बघत होता. तिने पोहे केले, ते करपले, दोघांनी तसेच खाल्ले. हे सगळं पुढे तिने कितीदा तरी मनाशी पडताळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. रुसलेल्याने किती दिवस रुसायचं, विचारणारं कोणी नसेल तर? गच्चीवर पाऊल टाकलं आणि शिवलीला धावतच आली.

"काय हसवलासा वो अक्का काल. माझं पोट दुखाय लागलं."

टोमणा असावा, असं संहिताला वाटलं. पण रोनितच्या ऑफिसातला अमित, जो मोजकंच बोलायचा, तोही खुर्ची सरकवत म्हणाला, "आजही गाणं होणार ना?" संहिता जन्मात कधी चारचौघांत गायली नव्हती.

रोनितने तिला बाजूला घेतलं, हात हातात घेतला. गेल्या सहा महिन्यांत तिने असा हात धरला नव्हता.

"काल तू बोललीस ते मी कोणाला सांगायची नाही गो," ती हळूच म्हणाली. "मला ठाऊकच नव्हतं तुझ्या मनात इतकं आहे ते."

"काल मी आलेच नव्हते, रोनित."

रोनित हसली. "खुर्च्या मोजक्याच होत्या. तुझं पान त्या रिकाम्या खुर्चीपुढेच वाढलं. नि पान वाढलं म्हणजे नाव घ्यायलाच हवं. मी जिन्याकडे तोंड करून तुझं नाव घेतलं, नि तू जिन्यातच."

थट्टा लांबली की तिची चव जाते. संहिताने अमितकडे आदल्या दिवसाचे फोटो मागितले. मांडव होता, दिवे होते, माणसं हसत होती, एका रिकाम्या खुर्चीकडे बघून हसत होती. खुर्चीपुढचं पान जेवून झालेलं होतं, आणि पानाच्या डाव्या कडेला कढीपत्त्याची पानं एकाखाली एक ओळीने लावून ठेवली होती. लहानपणापासून संहिता आमटीतला कढीपत्ता असाच लावून ठेवायची. आईचा त्यासाठी मारही खाल्ला होता तिने.

"ह्या फोटोत मी कुठंय?" तिने विचारलं.

अमितने फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे काय? ही काय."

कोणी दुसरी असती तर घाबरली असती. संहिताही घाबरली, नाही असं नाही. पण भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी आलं, आणि ते तिच्या चांगलं ओळखीचं होतं. त्यांना कालची जास्त आवडली होती. कालची गात होती, शिवलीलाला जवळ घेत होती, रोनितला मनातलं सांगत होती. शिवलीलाचा हेवा करणं एक वेळ समजण्यासारखं आहे. हिचा हेवा करायचा तर तोंडाने कोणाला सांगायचं?

त्या रात्री जेवताना तिने हसवायचा प्रयत्न केला. गोष्ट अर्ध्यात फसली. अमितने पाणी ओतून घेतलं. गाण्याच्या दोन ओळी तिने म्हटल्या, तेव्हा रोनितने तिच्या पाठीवर थोपटलं, आजाऱ्याला थोपटावं तसं. "दमलीस गो तू. असू दे."

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी ती पहारा द्यावा तशी वेळेआधी जाऊन बसली. काही झालं नाही. रिकामी खुर्ची रिकामी राहिली, पाहुण्याचं पान जसंच्या तसं. पण मांडवात सगळे जरा हिरमुसलेले होते, आणि तिला त्याचं कारण कळत होतं.

पाचव्या दिवशी लॅबमध्ये यंत्र बिघडलं. नमुने हाताने तपासता तपासता साडेआठ वाजले. कार्तिक ऑफिसातून परस्पर रोनितकडे जाणार होता. संहिता रिक्षाने पोचली तेव्हा तो जेवण आटोपून खाली फाटकाशी गाडी काढत होता. ती दार उघडून बसली.

"एवढ्यात काय आणायला गेलीस?" त्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, जे तिने लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं.

"मी आत्ता येत्येय, कार्तिक. लॅबमधून."

"सरी, सरी. बरं बाई." तो हसतच राहिला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "किती वर्षांनी अशी बोललीस माझ्याशी. मी विसरूनच गेलो होतो, तू अशी होतीस."

"कशी?"

त्याने सांगायला तिच्याकडे पाहिलं. आणि पाहता पाहता ते हसू विरून गेलं, ओळखीचं माणूस समजून हाक मारावी आणि भलतंच कोणी वळून बघावं, तसं. सिग्नल सुटला, त्याने गाडी पुढे काढली.

सहावा दिवस तिने अंथरुणात काढला. कार्तिक संध्याकाळी सात वाजता आवरून रोनितकडे निघाला, तिला येतेस का असंही विचारलं नाही. दार ओढताना पायरीवर थांबून त्याने कोणाला तरी वाट दिली आणि मग तो उतरला.

सातव्या दिवशी, शेवटच्या, तिने रजा घेतली. चारलाच गच्चीवर गेली. मांडवात कोणी नव्हतं. झावळ्या वाळून तांबूस झाल्या होत्या. तिने सरळ ती रिकामी खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली. जागाच भरलेली असेल तर येणारी बसणार कुठे? हिशेब साधा होता. इतके दिवस सुचलं कसं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

साडेसहाला रोनित वर आली. तिने दिवे लावले, पानं मांडली. संहिताच्या पुढ्यातही मांडलं.

"मी आज इथेच बसणार गे," संहिता म्हणाली.

रोनितने खुर्ची किंचित सरळ केली. संहिता तिच्यावर बसलेली असताना, एका बोटाने.

शिवलीला आली, अमित आला. कोणी तिला अक्का म्हटलं नाही.

मग जिन्यात पावलं वाजली. कार्तिकची, आणि त्याला जोडून दुसरी. कार्तिक काहीतरी सांगत होता आणि एक बाई हसत होती.

संहिताने ते हसू ओळखलं. आपण असं हसावं, असं तिला नेहमी वाटायचं.

"संहिता," रोनित जिन्याकडे धावली, "केवढी वाट बघायला लावलीस गो."

दिव्यामागे कोणीतरी बसलं. कार्तिक त्याच्या शेजारी बसला. संहिता ओरडली, नाव घेऊन ओरडली, कार्तिकचं, रोनितचं. शिवलीलाने लोणचं वाढलं.

"आज पाहुणा कोण?" अमितने विचारलं. "नाव घ्यायचं राहिलं."

दिव्यामागून आवाज आला, मऊ, कोणालाही आवडेल असा. "नाव कशाला? येऊन बसलंय ते बसू दे. उद्या मांडव उतरायचाच आहे."

सगळ्यांना ते पटलं. रोनितने संहिताच्या पानावर भात वाढला, आमटी घातली, डोक्यावरची ओढणी सावरून वाकली.

"बसलेल्याला ऐकू येतं काय वो आपलं?" शिवलीलाने विचारलं.

"येतं गो. आजी म्हणायची, सगळं ऐकतात. फक्त पान संपल्याशिवाय त्यांना उठता येत नाही."

संहिताने भात कालवला. भराभर घास घेतले, न चावता, पाच, दहा, वीस. समोर जेवणं उरकली, हात धुतले गेले, कार्तिकने कोणाच्या तरी खांद्यावर शाल घातली.

तिने पानाकडे पाहिलं. भाताची मूद वाढली तशीच होती, वर आमटीचा ओघळही न मोडलेला.