बेचाळिसावा टोन

मला बदलीवर बोलावलं होतं, एवढंच. एका संगीत नाटकाचे दहा प्रयोग उरले होते, रोज दुपारी तीनला. त्यांचे कीबोर्डवादक आप्पा आदल्या दिवशी जिन्यात कोसळले. डोक्यात रक्तस्राव. इस्पितळात बेशुद्ध होते. वाद्यवृंद सांभाळणाऱ्या बाईंचा सकाळी फोन आला, "टोन सगळे लावलेले आहेत, कागद समोर आहेत. तू नुसता येऊन बस."

आप्पांना मी त्याआधी एकदाच भेटलो होतो. याच नाटकासाठी त्यांना जोडीला दुसरा वादक हवा होता आणि मी वाजवून दाखवायला गेलो होतो. माझं झाल्यावर त्यांनी सावकाश चष्मा पुसला. म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पाय आंधळा आहे." झालं. मी कीबोर्ड उचलून घरी.

पाय आंधळा म्हणजे काय, ते सांगतो. आम्ही वाजवतो तो कीबोर्ड मुका असतो. त्याला स्वतःचा आवाज नाही. पट्टी दाबली की तो शेजारच्या कॉम्प्युटरला निरोप धाडतो आणि आवाज काढतो तो कॉम्प्युटर. बासरी म्हणाल तर बासरी, व्हायोलिन म्हणाल तर व्हायोलिन. नाटकात कुठला टोन कधी लागणार याची यादी आधी करून ठेवायची. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून डाव्या पायाखाली एक पेडल. पेडल दाबलं की यादीतला पुढचा टोन, पहिला टोनसुद्धा तसाच. एक क्षण आधी दाबलं तर चालू सूर तुटतो, एक क्षण उशीर झाला तर रणवाद्यांच्या जागी बासरी वाजते आणि आख्खं थिएटर हसतं. सगळी कला त्या एका पायात.

रंगमंचापुढच्या खड्ड्यात उतरलो. धूळ, तापलेल्या वायरी, आणि आप्पांच्या खुर्चीवरच्या गादीला निलगिरीच्या तेलाचा वास. कागदांवर छोटा दिवा. कॉम्प्युटरवर यादी उघडली तर मला हसूच आलं. आप्पांनी टोनना साधी नावं दिलीच नव्हती. कर्ण्यांच्या टोनला 'सासूबाई आल्या'. उंच व्हायोलिनला 'दाढ ठणकते'. अगदी शेवटी, एक्केचाळिसावा, हळुवार पियानो होता, त्याचं नाव 'ही झोपली, हळू'. आणि त्याखाली बेचाळिसावा: 'घरी'.

"हा काय आहे?" मी बाईंना विचारलं.

"रिकामा आहे तो. त्यात आवाज नाही. आवराआवर करताना पट्टीला हात लागला तर वाजू नये म्हणून. आप्पा तो दाबल्याशिवाय उठायचे नाहीत."

पडदा वर गेला. पहिला अर्धा तास बरा गेला. मग वादळाचा प्रवेश आला, आणि माझे डोळे कागदावर, बोटं बासरीत, आणि पाय... पाय विसरला. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. पण बोटं पुढच्या ठोक्यावर पडली आणि सासूबाई गरजत आल्या. अगदी वेळेवर.

मनाशी म्हटलं, नकळत दाबलं असेल.

दुसऱ्या अंकात आईने मुलीला झोपवायचा प्रवेश होता. मघाच्या धसक्याने मी या वेळी पेडल आधीच दाबून टाकलं, चांगलं तीन ठोके आधी. टोन बदलला नाही. स्क्रीनवरचा आकडा हलला नाही. चालू सूर तसाच तरंगत राहिला. एक... दोन... तीन... आणि मग, मी पाय उचलून धरलेला असताना, पेडल माझ्या बुटाखाली आपणहून खाली गेलं. हलकेच. झोपलेल्या बाळाखालून आपण हात काढून घेतो ना, तसं.

टोन बदलला. निलगिरीचा वास एकदम दाटला. मी मान वळवली नाही. माझ्या डाव्या बाजूला बघायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही.

प्रयोग संपल्यावर टाळ्यांच्या गडबडीत मी कॉम्प्युटर तसाच मिटला. स्टँडवर आप्पांचा वाचायचा चष्मा राहिला होता. बाई म्हणाल्या, "इस्पितळ तुझ्या वाटेवरच आहे. त्यांच्या घरच्यांना दे."

आप्पांच्या पत्नी खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेले. सगळे त्यांना काकू म्हणत, मीही म्हणालो. त्यांनी चष्मा घेतला, पदराने पुसला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"वादळाच्या वेळी काय झालं होतं?"

"कुठल्या...?"

"पावणेचारच्या सुमाराला. फार जोरात लाथ मारली त्यांनी. सलाइनची नळी निघता निघता राहिली."

मी खाटेच्या आणखी जवळ गेलो.

काकूंनी चादर बाजूला केली. आप्पांचं सगळं अंग ओल्या कपड्यासारखं पडलेलं होतं. फक्त डावा पाय तेवढा जागा होता. टाच टेकलेली, पंजा उचललेला, ताठ.

"तीन वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले झटके आहेत. पण मला ते ठोके पाठ आहेत हो. सहा महिने जेवणाच्या टेबलाखाली याच तालमी चालल्या होत्या. मी पोळी... मी ताट वाढायची आणि खाली पाय चालू. हा दाढेचा, हा सासूबाईंचा. मी आज मोजले. एक्केचाळीस. मग हा असा वर राहिला. नर्सने दाबून खाली केला, परत वर आला. कशाची तरी वाट बघतात."

मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "शेवटचा मी दाबला नाही. 'घरी'."

काकूंनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार.

"नका दाबू," त्या म्हणाल्या. "एवढं ऐका माझं. उद्या परत पहिल्यापासून वाजवा. तोवर ते आहेत."

मग रोज तसंच झालं. दुपारी तीनला मी खड्ड्यात उतरायचो, एक्केचाळिसाव्यावर थांबायचो, आणि संध्याकाळी काकूंना जाऊन भेटायचो. भीती कधी गेली ते कळलंच नाही. चौथ्या प्रयोगापासून मी पायाचा विचार सोडून दिला. पाय त्यांचा, हात माझे. वास आला की बरं वाटायचं, घरातलं माणूस आल्यासारखं. एकदा मी घाईने एक जागा रेटून वाजवली तर पुढचा टोन मुद्दाम किंचित रेंगाळून आला. म्हातारा रागावला होता! संध्याकाळी सांगितलं तर काकू तोंडावर पदर धरून हसल्या. "असेच आहेत. लग्नाच्या दिवशीसुद्धा बँडवाल्याची लय सुधारायला गेले होते."

दहावा प्रयोग झाला. नाटक संपलं. मी एक्केचाळिसाव्यावरच कॉम्प्युटर मिटला आणि कीबोर्डसकट घरी आणला. बाई म्हणाल्या, असू दे तुझ्याकडे, आप्पा उठले की नेतील.

आप्पा उठले नाहीत. गेलेही नाहीत. नाटक संपल्यापासून अकरा दिवस तो पाय तसाच वर. पोटरी दगडासारखी झाली, घोटा सुजला. बेशुद्ध माणसाच्या चेहऱ्यावर कळ दिसते, हे मी तेव्हा पाहिलं. ओठ आवळलेले, कपाळावर आठी. बाराव्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. आवाज कोरडा होता, रडून झाल्यानंतरचा.

"तो कीबोर्ड घेऊन या," त्या म्हणाल्या. "किती दिवस उभं करून ठेवू मी त्यांना? माझ्याच्याने बघवत नाही आता."

नर्सने हिरवे पडदे ओढून दिले. औषधांच्या ट्रॉलीवर कीबोर्ड ठेवला, कॉम्प्युटर खाटेच्या कडेला, पेडल खाली जमिनीवर, आवाज अगदी बारीक. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत होते. मी एक्केचाळिसावा टोन लावला. 'ही झोपली, हळू'. शेवटच्या प्रवेशाचे सूर वाजवायला लागलो. काकूंनी ते नाव स्क्रीनवर पहिल्यांदाच वाचलं. चप्पल काढली, आणि अनवाणी पाऊल पेडलवर ठेवलं.

"मला सांगा, कधी," त्या म्हणाल्या.

मी शेवटचा सूर धरला. तो विरत गेला... विरत गेला...

"आता."

काकूंनी पाऊल टेकवलं. खाटेवर आप्पांचा पंजा त्याच वेळी, तितक्याच सावकाश, खाली आला. कपाळावरची आठी गेली. मग एक लांब श्वास, आणि पुढचा आलाच नाही.

काकूंनी वाकून त्यांचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं आणि चोळत राहिल्या. "दमलात ना," म्हणाल्या. "दमलात... झालं हं आता. झालं."

किती वेळ आम्ही तसे होतो कुणास ठाऊक. कुठेही आवाज नव्हता, एवढं मला पक्कं आठवतं. मी पट्ट्यांवरून हात काढून मांडीवर ठेवले होते. शेवटी नर्स आली, तिने पडदा सारला. पलीकडच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होते. तब्येत सुधारली होती त्यांची, दोन दिवसांत घरी जाणार होते. त्यांचे डोळे भरले होते.

"फार छान वाजवलंत," ते मला म्हणाले. "त्यातलं शेवटचं तर..."

"शेवटचं?"

"तुम्ही 'आता' म्हणालात त्यानंतर वाजवलंत ते. इतका वेळ वाजत होतं ना." आणि त्यांनी बारीक आवाजात गुणगुणून दाखवलं. चार सूर वर, एक खाली, आणि ओळ अर्ध्यावर सोडलेली.

मला ती ओळ ठाऊक नव्हती. काकूंनाही नव्हती. त्या नाटकात ती कुठेच नाही. कीबोर्ड परत माझ्या घरी आणून आतल्या खोलीत मांडला आणि कॉम्प्युटरवर परत परत पाहिलं, बेचाळिसावा टोन रिकामा होता.

तेराव्या दिवसानंतर काकूंकडे गेलो, तेव्हा त्यांनी सांगितलं. पोस्टमन त्याच आठवड्यात गेले. घरी जायचे कपडे घालून, खाटेवर बसल्या बसल्या. मुलगा टॅक्सी बघायला खाली गेला होता तेवढ्यात. नर्स म्हणत होती, शेवटपर्यंत काहीतरी गुणगुणत होते, मजेत होते.

मी त्याचा फार विचार केला नाही. वय झालेलं माणूस होतं.

परवा संध्याकाळी मी बाहेरून आलो. किल्लीने दार उघडलं, चपला काढल्या. बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून काहीतरी चिरत होती आणि गुणगुणत होती. चार सूर वर, एक खाली...

मी दारातच थांबलो. "हे... हे कुठे ऐकलंस?"

ती दचकून वळली. हातात सुरी तशीच. आधी माझ्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीच्या बंद दाराकडे.

"तू आत्ता येतोयस?" ती म्हणाली. "मग मघापासून आत कोण वाजवतंय?"