योतामुचं रेकॉर्डिंग

सरोवराकाठच्या न्खाटा बे गावाच्या बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाइल, रेडिओ, येईल ते. त्या दुपारी वारा पडला होता. बाहेर वाळत घातलेल्या उसिपा मासळीचा वास दुकानात भरून राहिला होता. तेवढ्यात तिवोंगे आली आणि कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाची गाठ सोडून तिनं एक छोटा म्युझिक प्लेअर पुढे ठेवला.

तिचा नवरा योतामु सहा वर्षांपूर्वी सरोवरावर मासे धरायला गेला तो गेलाच. होडी सापडली नाही, प्रेतही नाही. सासरचे म्हणत, दूर जोबर्ग शहरात पळाला, तिकडे दुसरा संसार थाटला. त्यामुळे बिचारीला धड रडताही आलं नव्हतं. प्लेअर तो घरीच ठेवून गेला होता; त्यात त्यानं काहीतरी बोलून ठेवलंय, एवढंच तिला ठाऊक होतं. बॅटरी मेलेली, आणि कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही म्हणून दोन दुकानांनी परत पाठवलेला.

मी केबल बदलली. दुसऱ्या पोर्टात लावून पाहिलं. पिना स्पिरिटनं पुसल्या, ड्रायव्हर काढून नव्यानं टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ढिम्म. शेवटी, "वहिनी, नाही जमत," म्हणत केबलसकट तो तिच्या हातात दिला, आणि कॉम्प्युटर टिंग करून वाजला.

टेबलावर ठेवला की संपर्क तुटायचा. तिनं उचलला की जुळायचा. सांधा ढिला असेल, दाबानं जुळत असेल, असं मी तिला सांगितलं. मला तसंच वाटत होतं.

आत एकच फाइल होती, चार मिनिटांची. आधी वल्ह्यांचा आवाज. मग योतामु.

"तिवोंगे..."

तो थांबला. तिच्या तोंडून नकळत निघालं, "ऐकतेय मी."

"पोरगी शाळेत जाते?"

"दुसरीत आहे आता."

माझा हात माऊसवरून आपोआप बाजूला झाला. पोरगी तेव्हा रांगत्या वयाची होती.

तिनं प्लेअर दोन्ही हातांत घट्ट धरला. "खरं सांगा... जोबर्गला आहात?"

मागे पाणी वाजत होतं.

"नाही गं. इथंच आहे, खाली... फार गार आहे."

चार मिनिटं केव्हाच उलटली होती. तरी आवाज येत होता. ती घराच्या गळक्या छपराचं सांगू लागली, तो हं हं करू लागला. ते माझ्या कानांसाठी नव्हतं. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चेहरा निवला होता. मोबाइलमध्ये उतरवून देऊ का, विचारलं, तर नको म्हणाली. उद्या गाव जमवून त्याचं सुतक धरायचं, एवढंच बोलून ती प्लेअर घेऊन निघून गेली.

आत केबलचं टोक टेबलावर मोकळं पडलं होतं. पडद्यावर प्लेअर अजून जोडलेला दिसत होता. मी तो काढून टाकायला बटण दाबलं.

उत्तर आलं : आता काढता येणार नाही. वापर चालू आहे.