बिरोबाच्या रानाची तारीख

पाऊस तेवढाच पडला, तर गवत निम्मं कसं उगवलं?

हे कोडं मोज्यानं घातलं. मोज्या म्हणजे नानांचा चार पायांचा यंत्रमानव, उंचीला बोकडाएवढा. माळावर एक मीटर लांब-रुंद चौकट टाकायची, आतलं गवत कापून वाळवायचं आणि वजन करायचं, हे त्याचं काम. त्यावरून कुरणाची उत्पादकता (ठरावीक जागेत वर्षभरात वाढणारा चारा) कळते. आमच्या कुत्र्याला तो मुळीच आवडत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोज्या म्हणाला, "यंदाचा पाऊस चारशे साठ मिलिमीटर. तीस वर्षांपूर्वी, म्हणजे २०२८ साली, एवढाच होता. चारा मात्र निम्म्याहून कमी."

"ह्ये सांगाय यंत्र कशाला पायजे? मेंढरांच्या बरगड्या मोज म्हणावं," बापू, म्हणजे माझे वडील, म्हणाले.

आमची मेंढरं एकशे वीस. आठ दिवसांपासून सगळी बिरोबाच्या रानाच्या दगडी बांधाला तोंड लावून उभी होती. देवळाभोवतीच्या या रानात पावसाळाभर एकही मेंढरू सोडायचं नाही, दसऱ्याला रान उघडायचं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आत पवन्या आणि मारवेल ही चांगली गवतं गुडघाभर उभी होती. बाहेर खायला काही उरलं नव्हतं. दोन कोकरं मेली होती आणि त्यातलं एक माझ्या मांडीवर गेलं होतं. मला कोड्यात गंमत वाटत नव्हती, राग येत होता.

नाना माझ्या आईचे वडील. धनगराच्या घरात जन्मून गवताचे शास्त्रज्ञ झालेले. त्यांनी माती भरलेली दोन घमेली तिरकी ठेवली. एकावर तांब्याभर पाणी एकदम ओतलं, तर ते माती घेऊन खाली वाहून गेलं. दुसऱ्यावर तेवढंच पाणी हातानं थांबून थांबून शिंपडलं, ते सगळं मुरलं.

"पाणी सारखंच होतं ना, बाणाई? पूर्वी माळावर पाऊस पंचेचाळीस दिवसांत वाटून यायचा. यंदा अकरा दिवसांत आला, तोही महिनाभर उशिरा. हवा तापली की तिच्यात जास्त वाफ मावते. मग पावसाचे खंड (मधले कोरडे दिवस) लांबतात आणि पडतो तेव्हा कोसळतो. गवताला लागतं ते मुरलेलं पाणी. वाहून गेलेल्याचा त्याला काय उपयोग?"

"म्हणजे सगळा दोष पावसाचा?"

नानांनी रिकामा तांब्या खाली ठेवला.

"नाही. थोडा माझाही आहे," ते म्हणाले. "कागदावर या माळाचं नाव 'पडीक जमीन' होतं. मी शिकून आलो आणि तेच खरं मानलं. वाटलं, झाडं लावली की माळाचं भलं होईल. निम्म्या माळावर यंत्रानं चर खणले. जुन्या गवतांची मुळं तुटली. झाडं दोन उन्हाळ्यांत वाळली आणि चरांवर कुसळी ही काटेरी गवताची जात माजली. तिची कुसळं मेंढरांच्या तोंडात रुततात. चांगला चारा उरला निम्म्या माळावर, मेंढरं मात्र तेवढीच. ती तिथंच पुन्हा पुन्हा चरली, गवताला उसंत मिळाली नाही. माझा बाप सांगत होता, पोरा, हा पडीक न्हाय, ह्येच आपलं शेत हाय. पण शिकलेल्या पोराला बापाचं कुठं पटतं?"

मला नानांचा भयंकर राग आला आणि त्यांची दयाही आली. मी बांधावर चढून पवन्याचा एक तुरा तोडला. त्यातलं बी नखानं दाबलं, तर पांढरा चीक आला.

"नाना, बी अजून चिकात आहे. दसऱ्याला तर ते पिकून खाली पडलेलं असतं ना?"

नानांनी पुढचे दहा-बारा तुरे स्वतः दाबून पाहिले. मग ते बांधावर खालीच बसले.

"पाऊस लांबला म्हणून गवतही मागं पडलं," ते हळू आवाजात म्हणाले. "गवत आधी बी पिकवतं, मग उरलेलं अन्न मुळांत साठवतं. त्या शिदोरीवर पुढल्या वर्षी फुटतं. आपण दसरा म्हणून रान उघडतो, तेव्हा मेंढरं कच्चं बीही खातात आणि शिदोरीही. वाडवडलांनी गवत पाहून दसरा ठरवला असणार. आपण गवत पाहायचं सोडलं आणि दसरा तेवढा धरून ठेवला."

"रान कधी पिकेल?" मी विचारलं.

"अजून चोवीस दिवस," मोज्या म्हणाला.

बापू मागे येऊन उभे होते. सासऱ्यांना ते मामा म्हणतात. "मामा, चोवीस दिस ही मुकी जनावरं खातील काय? तुमचं शास्तर?"

नाना मान खाली घालून म्हणाले, "उद्या उघडलं तर महिनाभर पोट भरेल. पण अशी आणखी चार-पाच वर्षं, की हे रानही बाहेरच्या माळासारखं होईल. मोज्याचे आकडे तेच सांगतात. ठरवायचं तुम्ही. मी एकदा ठरवून चुकलोय."

दसऱ्याला पूजा झाली, नारळ फुटला. सगळे बापूंकडे बघत होते. बापूंनी रानाची वाट अडवणारी काटेरी फांदी उचलली नाही. त्यांनी कळपात शिरून मेंढरं निवडायला सुरुवात केली. साठ मेंढरं भीमेकाठी आत्याकडे कायमची द्यायची, तिथं उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) मिळतं. उरलेल्या साठांना झाडपाला तोडून घालायचा. चोवीस दिवसांत त्यातलीही सगळी जगतील असं कुणी म्हणालं नाही.

गाडी दुपारी आली. आईनं प्रत्येक मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला. गाडी उताराला लागली तेव्हा उरलेली साठ मेंढरं एकदम ओरडायला लागली आणि मला तिथं थांबवेना.

बापू माझ्यामागून आले. "पुढल्या साली रान कवा उघडायचं त्ये तू बगून सांगायचं. रोज तुरा दाबायचा. दसरा असू दे न्हायतर दिवाळी."

"आणि माझं चुकलं तर?"

"मामांचं न्हाय का चुकलं?" बापू म्हणाले. "त्यास्नी भाकरी वाढायचं थांबवलं का आपण?"

मी डोळे पुसले आणि विळा घेऊन त्यांच्याबरोबर पाला तोडायला गेले.