भोपळ्याचा गुरू कोण?

खोकला आधी कोणाला झाला, आबांना की भोपळ्याला? इरावतीच्या घरात कालपासून हा एकच प्रश्न फिरत होता. खरं तर उत्तर मिळायच्या आधीच निकाल लागून गेला होता. दोषी भोपळ्याच.

भोपळ्या हा आबांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा कुत्रा. तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा गोल गरगरीत, म्हणून हे नाव. आता मात्र खंगून भोपळ्याचा दोडका झाला होता. पशुदवाखान्याच्या यंत्रमानवाने काल त्याला तपासून क्षयरोग (टीबी) असल्याचं सांगितलं. या यंत्रमानवाला लांब नाकामुळे मुलं नाकाड्या म्हणत. झालं! सोसायटीच्या साळुंखेकाकांनी लगेच फर्मान काढलं, की लहान पोरांना लागण (रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाणं) व्हायला नको, उद्या कुत्रं गावाबाहेरच्या कोंडवाड्यात गेलं पाहिजे. तिथून परत आलेलं कुत्रं कुणी पाहिलं नव्हतं.

आज दुपारी नाकाड्या पिंजरा घेऊन दारात हजर झाला.

"भोपळ्यामुळेच आबा खोकतात का रे?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही, इरावतीताई."

"सगळे तर तसंच म्हणतात!"

"सगळ्यांनी तपासलंय का? क्षयाचे जंतू हवेतून जातात. रोगी खोकला, बोलला, गायला, की बारीक थेंब उडतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. दुसऱ्याने श्वास घेतला की ते आत. बहुधा माणसाकडून माणसाकडे, कधीतरी माणसाकडून कुत्र्याकडे. कुत्र्याकडून माणसाला होणं फार विरळा."

"मग इथे काय झालं ते कसं कळणार?"

"दोघांचे जंतू शेजारी शेजारी ठेवून. भोपळ्याचे माझ्याकडे आहेत. आबांचा बेडका (खोकून काढलेला कफ) हवा."

इरावतीने आबांच्या बंद दाराकडे पाहिलं. आबा मिरजेतले नावाजलेले गवई. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून खिडक्या लावून रियाज करायचे, आणि भोपळ्या समोर बसून सूर लावायचा. खोकला दोन महिन्यांचा, पण तपासणीचं नाव काढलं की ते अंगावर यायचे. "गवयाचा घसा आहे, बसतो कधीकधी!" असं म्हणून ज्येष्ठमध चघळत राहायचे. आबांना टीबी निघाला तर? आणि तपासलंच नाही तर भोपळ्या जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. तिने डबी घेतली आणि दार ढकललं.

"आबा, गॅलरीत चला ना. या डबीत थुंकायचंय."

"काही गरज नाही. कुत्र्याला नेतायत ना? नेऊ देत."

ते बोलले खरे, पण भोपळ्याकडे न पाहता. त्यांचा आवाज ऐकून पायाशी पडलेल्या भोपळ्याने सवयीने मान वर केली आणि सूर लावायला तोंड उघडलं. सूर निघालाच नाही, नुसता खोकला आला. आबांनी वाकून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"आण ती डबी," ते म्हणाले.

नाकाड्याच्या पोटातलं यंत्र बराच वेळ घरघरत होतं.

"आबांनाही क्षय आहे," शेवटी तो म्हणाला. "आता ऐका. एका जंतूचे दोन होताना तो आपला जनुकक्रम (आपल्या घडणीची आत साठवलेली माहिती) उतरवून घेतो. त्यात कधी चूक होते, आणि ती पुढच्या पिढ्यांत राहते. आबांच्या जंतूंत अशा तीन चुका आहेत. भोपळ्याच्या जंतूंत त्याच तीन, वर एक नवी."

"म्हणजे काय?" इरावतीला कळेना.

उत्तर आबांनी दिलं. "माझ्या गाण्यातल्या खोडी शिष्यात उतरतात, इरू. वर तो स्वतःची एक घालतो. ती माझ्यात नसते. ऐकल्याबरोबर कळतं, गुरू कोण आणि शिष्य कोण." त्यांनी भोपळ्याकडे पाहिलं. "म्हणजे हा माझ्याकडून शिकला."

"तो या खोलीबाहेर फारसा जात नाही. तेव्हा शक्यता हीच दाट," नाकाड्या म्हणाला.

आबा भोपळ्याजवळ खाली बसले. "गड्या, तुला गाणं शिकवायला बसवलं, आणि दिला खोकला. माफ कर रे." त्यांचे डोळे भरून आले. इरावतीला तर हुंदकाच फुटला.

"दोघंही बरे होतील," नाकाड्याने तोंडाला बांधायची पट्टी आबांच्या हातात दिली. "आता कुत्र्यांसाठीही चांगली औषधं आहेत. भोपळ्या उघड्या गॅलरीत राहील. बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडायचं नाही, महिनोन् महिने घ्यायचं. आणि घरातल्या सगळ्यांची, शिष्यांची तपासणी उद्या."

"इरूचीही?" आबांनी घाबरून विचारलं.

"तिचीही. लवकर कळलं तर उपाय सोपा."

रिकामा पिंजरा घेऊन नाकाड्या निघाला. काय घडलं ते साळुंखेकाकांना तोच सांगणार होता. आबांनी तोंडाला पट्टी बांधली आणि एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. गाड्यांचा गोंगाट भसकन आत शिरला.

"आबा, केवढा आवाज येतोय!"

"येऊ दे. बेसूर आहे, पण वारा घेऊन आलाय."

इरावतीला उद्याची भीती वाटतच होती. पण तिचा दोष कुणाच्या माथी मारावा, असं आता वाटत नव्हतं. गॅलरीत भोपळ्याने वाऱ्याकडे तोंड केलं आणि एकदा, अगदी हळू, सूर लावून पाहिला.