उस्तादांची सिगारेट

"माझ्या वडिलांनी खोटा गुन्हा कबूल केलाय. तो खोटा आहे, एवढं सिद्ध करून द्या."

मुलगी खुर्चीत बसण्याआधीच बोलून मोकळी झाली. वय तिशीच्या आसपास, नखांत कोळशाची काळी रेघ.

वहिनींनी तिला पाणी दिलं. त्या पूर्वी शाळेत रसायन शिकवायच्या, आता खासगी तपास करायच्या. शाळेतली पोरं आणि गुन्हेगार यांत फरक नाही, दोघंही आधी 'मी नाही' म्हणतात, असं त्यांचं मत होतं. त्यांचे धाकटे दीर टिपणं घेत. वहिनी त्यांना भाऊजी म्हणायच्या म्हणून सगळेच भाऊजी म्हणत.

"कबूल काय केलंय?" वहिनींनी विचारलं.

"काल सुट्टी होती. सकाळी फटाक्यांच्या मसाल्याची खोली जळाली. बाबा म्हणतात, मी आत सिगारेट ओढत होतो. आमचा शोभेच्या दारूचा कारखाना आहे, बाई! बाबा तिथं चपलाही घालू देत नाहीत, खिळा घासेल म्हणून. आज पाचला तपासणी अधिकारी येतील. त्या कबुलीवर त्यांनी शिक्का मारला की बाबांना जन्मभर या कामाला हात लावता येणार नाही."

"आणि कारखाना?"

"पुढच्या आठवड्यात परवाना माझ्या नावावर होणारच होता. पण असा नको मला."

"आदल्या संध्याकाळी खोली कुणी बंद केली?"

"मीच. बाबांना ताप होता, ते लवकर घरी गेले. मी सगळं नियमानं केलं. जमीन ओली केली, उरलेल्या मसाल्याच्या परातींवर ओली पोती टाकली, दारात बादल्या भरल्या. चाळीस वर्षं हेच चाललंय, एक ठिणगी उडाली नाही."

ती गेल्यावर भाऊजी म्हणाले, "म्हातारा कबूल झालाय. मग आपण काय शोधायचं?"

"'मी नाही' म्हणणारे रोज भेटतात, भाऊजी. 'मीच' म्हणणारा भेटला की मला आधी त्याचाच संशय येतो."

मसाल्याच्या खोलीच्या चार भिंती तेवढ्या उरल्या होत्या. बाकीच्या खोल्या शाबूत होत्या, कारण मुलीच्या वडिलांनी, म्हणजे सगळ्यांच्या उस्तादांनी, प्रत्येक खोली दुसरीपासून वीस पावलं लांब बांधली होती. वहिनींनी ते अंतर स्वतः मोजलं आणि समाधानानं मान हलवली. "शहाण्या माणसाचं काम आहे," त्या म्हणाल्या.

खिडकीखालचा पत्र्याचा डबा वितळून लोळागोळा झाला होता. वहिनी त्याच्यापाशी बराच वेळ उकिडव्या बसल्या.

पहिला भेटला वॉचमन.

"दहाचा सुमार होता. आभाळ भरलेलं. एकदम असा पांढरा उजेड पडला की नळाची सावली भिंतीवर उमटली! डोळे दिपले माझे."

"त्याआधी काही जाणवलं?"

"वास यायचा. डोळ्यांना झोंबणारा. केस रंगवायच्या दुकानात येतो ना, तसला. मला वाटलं, कुणीतरी संडास धुतोय."

दुसरा उस्तादांचा मेहुणा, म्हणजे मुलीचा मामा. कारखान्याची जागा विकून गोदाम बांधावं असा धोशा त्यानं वर्षभर लावला होता. भाऊजींनी लगेच पेन सरसावलं.

"काल सकाळी तुम्ही इथं काय करत होतात?"

"मांजर हाकलत होतो! नेहमी कचेरीच्या पायरीवर झोपतं. काल पहाटेपासून मसाल्याच्या खोलीच्या भिंतीला चिकटून पडलं होतं. दोनदा उठवलं, दोनदा परत तिथंच. आणि माझ्यावर काय डोळे वटारताय? दाजींना सांगा. साठी उलटली तरी नवे प्रयोग! आयुष्य कोळशाच्या मसाल्यावर गेलं, आता कसली चांदीसारखी धातूची पूड मागवली. कुणाला सांगत नाहीत, दाखवत नाहीत. पोरीला परवाना मिळाला की तिच्यासमोर उडवायचं म्हणे."

शेवटी उस्ताद. अंगणातल्या बाकावर ताठ बसले होते. पांढऱ्या झुपकेदार मिशा नीट विंचरलेल्या.

"मी आत होतो. सिगारेट पेटवली, आग लागली, बाहेर पळालो. संपलं."

"खिडकीपाशी?"

"हो. डब्याजवळ."

वहिनींनी भाऊजींच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून पुढं केलं. "घ्या. आता तर लपायचं कारण नाही."

उस्तादांनी सिगारेट घेतली, चेहरा गंभीर केला आणि कापसाची बाजू बाहेर ठेवून उलटी तोंडात धरली. काडी ओढायच्या आत वहिनींनी ती हळूच काढून घेतली.

पाच वाजता कचेरीत सगळे जमले. अधिकाऱ्यांनी शिक्का काढून टेबलावर ठेवला.

"उस्तादांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "त्यांना तिचं तोंड कुठलं तेही ठाऊक नाही. आणि ज्या आगीनं डबा वितळला, तिच्याजवळ उभ्या माणसाची मिशी शाबूत राहील का?"

"मग लावली कुणी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

भाऊजींनी मामाकडे पाहिलं. मामा खवळला, "बघता काय!"

"कुणीच नाही. काल ऊन नव्हतं, तरी मांजर पहाटेपासून त्या भिंतीला चिकटलं होतं. म्हणजे ज्वाळा दिसायच्या कितीतरी तास आधी भिंत आतून ऊबदार झाली होती. सिगारेटची आग अशी रात्रभर दम धरत नाही. उजेड पांढरा होता, म्हणजे धातू जळला. राहिला तो झोंबणारा वास. तो अमोनियाचा."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं.

"कोळशाच्या मसाल्यावर पाणी पडलं की तो गप्प होतो. धातूच्या पुडीचं उलटं असतं. ती मसाल्यातल्या सोऱ्यासोबत ओली झाली की आतल्या आत झगडा सुरू होतो. त्यातून हा वायू सुटतो आणि ऊब निघते. वरून झाकलेलं असलं की ऊब अडकते, उबेनं झगडा वाढतो, झगड्यानं ऊब. शेवटी काडीची गरजच उरत नाही."

"पाण्यानं आग लावली?" भाऊजींच्या हातातलं पेन थांबलं. "आणि मी दिवसभर मामांच्या मागे!"

मुलगी पांढरीफटक पडली. "ओलं पोतं... खिडकीखालच्या डब्यात उरलेला मसाला दिसला. त्यावरही मीच टाकलं."

"हो. तू नियम पाळलास. पांढऱ्या उजेडाचं ऐकताच उस्तादांना सगळं कळलं. चाळीस वर्षांचं नाव त्यांनी एका क्षणात देऊन टाकलं." वहिनी उस्तादांकडे वळल्या. "एवढ्या मोठ्या मनाचा खोटारडा मी पाहिला नाही."

उस्ताद रागानं उठले. "बाई, हे काय केलंत? चूक माझी होती. ही पूड वेगळी, हे मी तिला सांगितलंच नाही. आता तिचा परवाना गेला! तिला देण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं."

"मी गप्प बसले असते तर परवाना तिला मिळाला असता," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पुढं कधीतरी तिनंही तीच पूड आणली असती. संध्याकाळी डब्यावर काय टाकलं असतं?"



"ओलं पोतं," मुलगीच म्हणाली.

"आणि तेव्हा सुट्टी नसती."

उस्तादांनी टेबलाचा आधार घेतला आणि हळूहळू खाली बसले. "हे माझ्या ध्यानातच आलं नाही," ते म्हणाले. "पोरीला वाचवायला निघालो होतो मी."

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. "सिगारेट नसेल तर बंदी नाही. अपघात म्हणून लिहितो. परवान्याचं बघू, पण आधी धातूच्या कामाचे नियम लेखी हवेत. आणि निष्काळजीपणा कुणाचा लिहू?"

"माझा," बापलेक एकदम म्हणाले.

मग उस्तादांनी शेजारचं स्टूल ओढलं. "बस इथं. पाणी तारतं, एवढंच तुला शिकवलं. ते मारतं कुठं, ते आता लिहून घे. आणि कळलं नाही तिथं अडव मला."

मुलीनं डोळे पुसले, अधिकाऱ्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि लिहायला बसली. पहिल्याच वाक्याला तिनं बाबांना अडवलं.